घरातलं माणूस गेल्यावर बँक, पोस्ट, विमा, पेन्शन: कुठून सुरुवात करायची आणि कशात अडकायचं नाही

ज्यांच्या घरात हे नुकतंच घडलंय त्यांच्यासाठी लिहितेय. बाबा गेल्यावर ही सगळी कामं मी केली, नंतर मामांच्या घरची केली, आणि तेव्हापासून ओळखीतले लोक फोन करून विचारत असतात की पहिलं काय करू, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढते. कामं किचकट आहेत पण अवघड नाहीत, फक्त क्रम चुकला की एकाच कागदासाठी चार चकरा होतात. आणि एक आधीच सांगते, दिवसकार्य होईपर्यंत खालच्या पहिल्या दोन गोष्टी सोडून काहीही करायची घाई नाही. नातेवाईक म्हणतील लगेच बँकेत जा, पैसे अडकतील. नाही अडकत. पैसे खात्यात सुरक्षित असतात, तुम्ही आधी घरच्यांकडे बघा.

१. मृत्यूचा दाखला: नाव नीट लिहून घ्या

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. हॉस्पिटलमध्ये मृत्यू झाला तर हॉस्पिटलच कळवतं, घरी झाला तर आपण कळवायचं. नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथल्या महानगरपालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत, माणूस राहायला कुठे होता त्याचा संबंध नाही. साताऱ्याचे आजोबा पुण्याच्या हॉस्पिटलमध्ये गेले तर दाखला पुणे महानगरपालिकेचा येणार, साताऱ्यात विचारत बसू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नावाचं स्पेलिंग. हॉस्पिटलमध्ये ॲडमिट करताना घाईत कुणीतरी 'बाळासाहेब' लिहितं, आधारवर 'दत्तात्रय' असतं, बँकेत नुसतं 'डी. के.' आणि आडनाव, एलआयसीत अजून तिसरंच. दाखल्यावरचं नाव आधार आणि पॅनशी जुळलं पाहिजे, म्हणून फॉर्म भरतानाच आधारची झेरॉक्स जोडा आणि दाखला छापायच्या आधी मराठी-इंग्रजी दोन्ही नावं वाचून बघा. नंतरही दुरुस्ती होते पण त्यात वेळ जातो.

२१ दिवस उलटले तर ३० दिवसांपर्यंत लेट फी भरून होतं, त्यापुढे वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि वर्ष उलटलं तर मॅजिस्ट्रेटचा आदेश, त्यामुळे हे काम मात्र टाळू नका. दाखल्याच्या मूळ प्रती आठ-दहा तरी घ्या. बहुतेक ठिकाणी मूळ दाखवून झेरॉक्स घेतात पण विमा कंपन्या वगैरे मूळ प्रत ठेवून घेतात.

२. एटीएम, यूपीआय, नेट बँकिंग: हात लावू नका

मला सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नासाठी येतात. पिन माहिती आहे, मोबाईल आपल्याकडेच आहे, हॉस्पिटलचं बिल भरायचंय, काढले वीस हजार तर काय होतं? होतं असं की खातेदाराच्या मृत्यूनंतर त्याच्या कार्डने काढलेला प्रत्येक रुपया स्टेटमेंटवर तारखेसकट दिसतो, आणि उद्या भावा-बहिणींपैकी एकाने जरी विचारलं तरी तुमच्याकडे उत्तर नसतं. तुम्ही स्वतःच नॉमिनी असाल तरी हेच लागू आहे. क्रियाकर्माचा खर्च आपल्या खात्यातून करा, पावत्या एका पाकिटात ठेवा, नंतर सगळ्यांच्या समक्ष हिशेब करता येतो.

सिमकार्ड मात्र बंद करू नका, सहा-आठ महिने साधा रिचार्ज मारत रहा. कुठला हप्ता कापला गेला, कुठल्या बँकेचं व्याज जमा झालं, हे मेसेजवरून कळतं, आणि घरात कुणालाच माहीत नसलेली एखादी एफडी त्यातूनच सापडते.

खातं लगेच बंद करायचीही घाई नको. डिव्हिडंड, भाडं, परतावा असं काहीतरी मागाहून येत असतं. अशा येणाऱ्या रकमेसाठी खातं 'अमुक यांची इस्टेट' अशा नावाने चालू ठेवता येतं, त्यात फक्त जमा होतं, कुणालाच काढता येत नाही. बँकेला अर्जात तसं लिहून द्या.

३. शोधाशोध: काय काय आहे याची यादी

कुठल्याही बँकेत जायच्या आधी दोन-तीन संध्याकाळी घरातली कागदपत्रं घेऊन बसा, एकटे नको, भाऊ-बहीण किंवा आई सोबत असू दे. कपाटाचा लॉकर, देवघराचा खण, रबरबँड लावलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहिलेले हप्ते, सगळं बघा.

आणि पासबुक ओळ न ओळ वाचा. मी बाबांचं पासबुक पट्टी लावून वाचलं, तेव्हा मे महिन्याच्या शेवटी ४३६ रुपये कापलेले दिसले. म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा चालू होता, ज्यात कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तरी वारसाला २ लाख मिळतात, फक्त वयाची अट ५५ पर्यंत आहे. त्याच सुमारास २० रुपये कापलेले असतील तर तो सुरक्षा विमा, तो अपघाती मृत्यूला २ लाख देतो आणि ७० वयापर्यंत असतो. ह्या दोन्हीचा क्लेम ज्या बँकेतून पैसे कापले गेले त्याच शाखेत द्यायचा, आणि लवकर द्यायचा, शक्यतो महिन्याभरात. गावाकडे कितीतरी घरांना आपल्या माणसाचा हा विमा होता हेच माहीत नसतं, ४३६ ची ओळ कुणी वाचतच नाही, फार वाईट वाटतं. एटीएम कार्डावरही अपघात विमा असू शकतो, अपघाती मृत्यू असेल तर बँकेत तेही लगेच विचारा.

पासबुकात अजून काय बघायचं: दर तीन महिन्यांनी येणारं व्याज, त्याच्या बाजूला एफडीचा नंबर असतो. वर्षातून एकदा कापलेलं लॉकरचं भाडं. एसआयपीचे हप्ते. विम्याचे हप्ते. पतसंस्थेकडे गेलेले आवर्तक ठेवीचे पैसे.

जुनी पासबुकं फेकू नका, बँकेचं नावच आता राहिलं नसेल तरीही. स्टेट बँक ऑफ हैदराबाद २०१७ मध्ये स्टेट बँकेत गेली, मराठवाड्यात घरोघरी ती खाती आहेत. देना आणि विजया २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या. २०२० मध्ये सिंडिकेट कॅनरात, कॉर्पोरेशन आणि आंध्र बँक युनियन बँकेत, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये. खातं तसंच असतं, जवळच्या शाखेत जुना नंबर दाखवला की नवा शोधून देतात.

दहा वर्षं हात न लावलेले पैसे रिझर्व्ह बँकेच्या फंडात जमा होतात पण बुडत नाहीत, वारसाला मूळ बँकेकडूनच परत मिळतात. ते शोधायला रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' नावाचं पोर्टल आहे, २०२३ पासून चालू आहे, त्यावर नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख टाकून बऱ्याच बँकांमध्ये एकदम शोधता येतं. आणि दुसरी युक्ती म्हणजे इन्कम टॅक्सच्या साईटवरचं वार्षिक माहितीपत्रक, ज्याला सगळे एआयएस म्हणतात, त्यात कुठल्या बँकेने किती व्याज दिलं हे नावासकट येतं. त्यासाठी वारस म्हणून रजिस्टर व्हावं लागतं, ते खाली सांगते.

४. प्रत्येक खात्याला एकच प्रश्न: जॉइंट, नॉमिनी, की काहीच नाही?

आता यादीतल्या प्रत्येक खात्यासमोर, प्रत्येक एफडीसमोर ह्या तीनपैकी एक लिहा, कारण पुढचे सगळे कागद यावरच ठरतात. सेव्हिंगला नॉमिनी आहे म्हणून एफडीलाही असेलच असं नाही. पासबुकाच्या पहिल्या पानावर किंवा एफडीच्या पावतीवर बघा, तिथे नसेल तर शाखेत लेखी विचारा.

जॉइंट, 'इदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील त्याने चालवायचं खातं: सगळ्यात सोपं. मागे राहिलेल्या खातेदाराने अर्ज, मृत्यूचा दाखला आणि स्वतःचं केवायसी द्यायचं, नाव कमी होतं. आणि नाव कमी झालं की त्याच दिवशी नवा नॉमिनी लावून घ्या, पुष्कळ लोकांचं हे राहूनच जातं.

नॉमिनी आहे: क्लेम फॉर्म, मृत्यूचा दाखला, नॉमिनीचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा. बास. रक्कम कितीही असो, सक्सेशन सर्टिफिकेट (वारस कोण याचा कोर्टाचा कागद), इंडेम्निटी बाँड (उद्या दुसऱ्या कुणी हक्क सांगितला तर बँकेचं नुकसान भरून देऊ अशी लेखी हमी) किंवा जामीनदार बँकेने मागायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कोर्टाची मनाई आलेली असेल तर गोष्ट वेगळी.

दोन्ही नाही: इथे वारसांचे कागद लागतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये मयत खातेदारांच्या क्लेमसाठी सगळ्या बँकांना एकसारखे नियम दिले आणि ३१ मार्च २०२६ ही लागू करायची शेवटची तारीख दिली. त्यानुसार सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत आणि बाकी बँकांमध्ये १५ लाखांपर्यंत कोर्टात न जाता पैसे मिळतात. त्यासाठी लागतं:

- क्लेम फॉर्म आणि मृत्यूचा दाखला
- पैसे घेणाऱ्या सगळ्या वारसांचं ओळखपत्र आणि पत्ता
- त्यांनी सही केलेला इंडेम्निटी बाँड
- जे वारस पैसे घेणार नाहीत त्यांचं ना हरकत पत्र
- वारस दाखला, किंवा कुटुंबाला नीट ओळखणाऱ्या पण नात्यात नसलेल्या माणसाने वारस कोण आहेत याबद्दल दिलेलं लेखी निवेदन

या मर्यादेच्या आत तिऱ्हाइताचा जामीन मागायचा नाही असंही त्यात आहे. मर्यादेच्या वर रक्कम असेल तरी लगेच वकिलाकडे पळू नका, आधी शाखेला लेखी विचारा की सक्षम अधिकाऱ्याचा वारस दाखला, बाँड आणि जामीन यावर भागेल का. बऱ्याचदा भागतं. मृत्युपत्र असेल तर त्याची प्रत जोडा, सगळे वारस एकमताने असतील तर काम सोपं होतं, वाद असेल तर मात्र वकील गाठावाच लागतो.

५. नॉमिनी म्हणजे मालक नाही

ह्यावरून सख्खी भावंडं बोलेनाशी झालेली मी पाहिलीत, म्हणून वेगळं लिहिते. नॉमिनीला बँक पैसे देते ते बाकी वारसांच्या वतीने. बँकेची जबाबदारी तिथे संपते, नॉमिनीची सुरू होते. पैसे कोणाचे हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवतं. शेअर्सच्या बाबतीत लोक म्हणायचे की तिथे नॉमिनीच मालक, तर सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये तेही नाही म्हणून सांगितलं.

हिंदू कायद्यात पुरुषाने मृत्युपत्र केलेलं नसेल तर पहिल्या वर्गातले वारस म्हणजे बायको, मुलगे, मुली आणि आई. मुलीचं लग्न झालं असलं तरी ती वारस आहेच, तिला 'दिल्या घरी गेली' म्हणून यादीतून वगळायचं नाही, ते बेकायदा आहे आणि चुकीचंही आहे. आणि मयताची आई हयात असेल तर तिचा वाटा सुनेच्या आणि नातवंडांच्या बरोबरीचा असतो, हे खूप लोकांना माहीतच नसतं. वडील त्या पहिल्या वर्गात येत नाहीत. आमच्याकडे आजी होती, नव्वदीची, सही येत नाही, तर तिचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेतला आणि त्याआधी प्रत्येक कागद तिला वाचून दाखवला. ती विचारायची, 'ह्यात तुझ्या आईला त्रास होईल असं काही नाही ना?', मग अंगठा द्यायची. एकेका कागदाला अर्धा तास गेला पण गेलाच पाहिजे.

बाई गेली असेल तर पहिले वारस नवरा, मुलगे आणि मुली. मुस्लिम कुटुंबात वाटे शरियतप्रमाणे, ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा. गोव्यात तर पद्धतच निराळी, तिथे वारसांचा दस्त विशेष नोटरीकडे होतो, त्यामुळे गोव्यातल्या लोकांनी तिथल्याच माणसाला विचारा.

६. बँकेत जाताना

सोबत न्यायची पिशवी अशी असू दे: मृत्यूचा मूळ दाखला आणि झेरॉक्स, मयताचं आधार-पॅन, पासबुक, चेकबुक, एफडीच्या मूळ पावत्या, एटीएम कार्ड, तुमचं आधार-पॅन, फोटो, तुमच्या खात्याचा कॅन्सल चेक, नातं दाखवणारं रेशनकार्ड, आणि प्रत्येक अर्जाची एक जादा प्रत.

ती जादा प्रत कशाला, तर तिच्यावर इनवर्डचा, म्हणजे कागद मिळाल्याचा शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. नियमाप्रमाणे सगळे कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने पैसे द्यायचे असतात, आणि उशीर झाला तर 'बँक रेट' (रिझर्व्ह बँक ठरवते तो दर) अधिक ४ टक्के अशा वार्षिक दराने भरपाई द्यायची असते. पण कागद कधी दिले हे तुमच्याकडे शिक्क्यासकट नसेल तर हा नियम काय उपयोगाचा? काउंटरवर म्हणतील 'पोच लागत नाही हो, आमच्याकडे आहे ना', तरी शांतपणे मागून घ्या. देत नसतील तर घरी येऊन स्पीड पोस्टाने पाठवा.

दुसरी गोष्ट, काय कमी आहे ते तोंडी ऐकून परत येऊ नका. मामांच्या वेळी एका शाखेत, नॉमिनी लावलेला असताना, सक्सेशन सर्टिफिकेट आणा म्हणाले. मी एवढंच म्हटलं की साहेब, हे लागतं असं मला लिहून द्या, म्हणजे मला वकिलाला दाखवता येईल. त्यांनी आतल्या केबिनमध्ये विचारलं, मॅनेजरनी बाहेर येऊन फॉर्म बघितला आणि तो तिथेच स्वीकारला. वाद घालायची गरजच पडली नाही. काउंटरवरचा माणूस मुद्दाम त्रास देतो असं नसतं, बऱ्याच जणांना हे काम वर्षातून चार-पाच वेळाच येतं, नियम माहीत नसतो.

एफडीचं पण ऐका. खातेदार गेल्यावर मुदतीआधी एफडी मोडली तर दंड कापायचा नसतो, लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ मोडता न येणारी असली तरीही. आणि मुदत संपायला थोडेच दिवस राहिले असतील तर मोडूच नका, चांगल्या दराचं व्याज पूर्ण घ्या.

नावातला फरक असेल तर 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवा, आणि त्यात जितकी नावं सापडलीत तितकी सगळी एकदाच घाला, नाहीतर प्रत्येक ऑफिससाठी वेगळं करत बसाल. स्टॅम्प कितीचा ते बँकेलाच विचारा. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात पुष्कळ दस्तांना १०० च्या जागी ५०० चा लागतो.

एखादा वारस परदेशात असेल तर त्याने ना हरकत पत्र किंवा मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून पाठवायचं. हे सुरुवातीलाच सांगून ठेवा, अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो आणि त्या एका सहीसाठी इथलं सगळं थांबतं.

शाखा ऐकतच नसेल तर आधी बँकेच्या तक्रार विभागाला लेखी द्या, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करा, फुकट असते, वकील लागत नाही. १४४४८ हा त्यांचा माहितीचा नंबर.

७. लॉकर

किल्ली सापडली म्हणून जाऊन उघडू नका. नॉमिनीला किंवा वारसांना बँकेच्या माणसासमोर आणि दोन साक्षीदारांसमोर उघडायला देतात, आतल्या वस्तूंची यादी होते, सगळ्यांच्या सह्या होतात. यादी करताना घाई करू नका, 'सोन्याच्या बांगड्या' एवढंच न लिहिता किती आणि कशा ते लिहून घ्या. आईची पोत, आजीच्या पाटल्या, ह्या गोष्टींवरून मनं दुखावतात, म्हणून जमेल तितक्या वारसांनी त्या दिवशी हजर रहा. इथेही सगळे कागद दिल्यावर १५ दिवसांत यादीची तारीख ठरायला हवी, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम आहे.

८. पतसंस्था

महाराष्ट्रात हे फार महत्त्वाचं. नागरी सहकारी बँक आणि पतसंस्था एक नाही. वर लिहिलेले रिझर्व्ह बँकेचे नियम आणि लोकपाल पतसंस्थेला लागू होत नाहीत, ५ लाखांचा ठेव विमाही तिथे नाही. तिथला क्लेम त्यांच्या उपविधीप्रमाणे चालतो, तक्रार सहकार खात्याच्या सहायक किंवा उपनिबंधकाकडे. ठेव पावत्यांशिवाय सभासद म्हणून शेअर्सची रक्कम आणि लाभांश असतो, तो मागायचं लोक विसरतात. आणि मयत माणूस कुणाच्या कर्जाला जामीनदार होता का हेही तिथेच विचारा, आपल्याकडे गावात एकमेकांना जामीन राहणं सर्रास चालतं.

९. पोस्ट, एलआयसी, पीएफ, पेन्शन

पोस्टात नॉमिनी असेल तर क्लेम फॉर्म, दाखला आणि पासबुक, काम होतं. नॉमिनी नसेल तर ५ लाखांपर्यंत कोर्टाच्या कागदाशिवाय देतात, पण मृत्यूनंतर सहा महिने थांबावं लागतं. पीपीएफ वारसाला पुढे चालवता येत नाही, बंदच करायचं. ज्येष्ठ नागरिक बचत योजना मात्र नवरा किंवा बायको जॉइंट किंवा एकमेव नॉमिनी असेल आणि वयाच्या अटीत बसत असेल तर चालू ठेवता येते, म्हणून आईला विचारल्याशिवाय बंद करून टाकू नका, तिला दर तिमाहीचं व्याज लागत असेल.

एलआयसीत ज्या शाखेची पॉलिसी त्या शाखेत जा, ३७८३ नंबरचा फॉर्म, मूळ बाँड, मृत्यूचा दाखला, नॉमिनीचं बँक खातं. पॉलिसी घेऊन तीन वर्षं झाली नसतील तर चौकशी होते, हॉस्पिटलचे कागद मागतात, तेव्हा डिस्चार्ज आणि केस पेपर जपून ठेवा. हप्ते थकले होते म्हणून पॉलिसी बुडालीच असं गृहीत धरू नका, जाऊन विचारा.

नोकरीत असताना माणूस गेला असेल तर पीएफची तीन कामं वेगवेगळी आहेत: पीएफची रक्कम फॉर्म २०, विम्याची रक्कम फॉर्म ५ आयएफ, विधवा आणि मुलांची पेन्शन फॉर्म १०डी. त्यातल्या विम्याचं, ज्याला ईडीएलआय म्हणतात, बऱ्याच कंपन्या स्वतःहून सांगत नाहीत, आणि ती रक्कम ७ लाखांपर्यंत असते. मागा.

पेन्शनर गेले असतील तर बँकेला किंवा कोषागाराला लगेच कळवा. मृत्यूच्या तारखेपर्यंतचीच पेन्शन आपली, पुढे चुकून जमा झालेली परत कापून घेतात आणि तोपर्यंत ती खर्च झालेली असते. कुटुंब निवृत्तीवेतनासाठी पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची प्रत लागते, तो कागद सापडला की लॅमिनेट न करता नीट फाईलमध्ये ठेवा.

१०. कर्ज असेल तर

रिकव्हरीवाल्याचा फोन आला की घरातली बाई घाबरते, तर हे लक्षात ठेवा: वारसाला मयताचं कर्ज फेडावं लागतं ते त्याच्याकडून जेवढी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरतंच. स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या दागिन्यातून नाही. तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केलेली असेल तर मात्र जबाबदारी येते. होम लोनला विमा जोडलेला होता का ते कर्जाच्या फाईलमध्ये बघा. फोनवर काहीही कबूल करू नका, 'लेखी पाठवा' एवढंच सांगा. क्रेडिट कार्ड मात्र लगेच बंद करायला लावा.

११. कोर्टात जावंच लागलं तर

बँक ठेवी, शेअर्स अशा जंगम गोष्टींसाठी सक्सेशन सर्टिफिकेट, ते १९२५ च्या कायद्याखाली. घर-जमिनीसाठी महाराष्ट्रात १८२७ च्या रेग्युलेशनखालचा कोर्टाचा वारस दाखला चालतो. दोन्ही वेगळे आहेत, बँकेला नेमका कुठला हवाय ते लेखी घ्या आणि मगच फी भरा. अर्ज मयत जिथे राहत होते तिथल्या दिवाणी कोर्टात होतो, पेपरात जाहीर नोटीस निघते, हरकतींसाठी वेळ दिला जातो, काही महिने जातात. कोर्ट फी रकमेवर असते.

आणि इथेच ती शोधाशोध कामाला येते. सर्टिफिकेट फक्त अर्जात लिहिलेल्या रकमांसाठी मिळतं. एक एफडी राहून गेली तर तिच्यासाठी पुन्हा कोर्टात अर्ज. म्हणून तिसऱ्या पायरीतली यादी पूर्ण झाल्याशिवाय वकिलाला कागद देऊ नका.

१२. शेअर्स, घर, सातबारा

थोडक्यात सांगते, कारण प्रत्येकावर वेगळं लिहावं लागेल. डिमॅट आणि म्युच्युअल फंडाला 'ट्रान्समिशन'चा, म्हणजे वारसाच्या नावावर करून घ्यायचा अर्ज असतो, मयताच्या पॅनवरून सगळे फंड शोधता येतात. सोसायटीत फ्लॅट असेल तर शेअर सर्टिफिकेटवरचा नॉमिनी आधी तात्पुरता सभासद होतो, मालकी वारसांचीच. शेतजमिनीची वारस नोंद तीन महिन्यांच्या आत कळवा, ई-हक्क प्रणालीतून घरबसल्या अर्ज करता येतो, मग फेरफार पडतो, नोटीस निघते आणि नोंद मंजूर होते. त्या नोंदीत बहिणींची नावं आलीत का ते स्वतः सातबारा काढून बघा.

१३. इन्कम टॅक्स आणि पॅन सगळ्यात शेवटी

मृत्यूच्या तारखेपर्यंतच्या उत्पन्नाचं रिटर्न वारसाने भरायचं असतं. त्यासाठी ई-फायलिंग साईटवर स्वतःच्या लॉगिनमधून मयताचा कायदेशीर प्रतिनिधी म्हणून रजिस्टर व्हा, मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन आणि वारस असल्याचा पुरावा अपलोड करावा लागतो. टीडीएस कापला असेल तर रिफंडही यातूनच मिळतो. वारसाहक्काने आलेल्या रकमेवर भारतात कर नाही, इस्टेट ड्युटी १९८५ मध्येच गेली, पण मृत्यूनंतर त्या ठेवींवर जमा झालेलं व्याज हे वारसांचं उत्पन्न, ते तुमच्या रिटर्नमध्ये दाखवा.

पॅन परत करायची घाई अजिबात नको. रिफंड, शेअर्स, फंड, सगळीकडे तोच नंबर लागतो. मतदार यादीतून नाव कमी करायला फॉर्म ७, रेशनकार्डातून नाव कमी करणं, विजेचं बिल नावावर करणं, ही कामं मधल्या वेळात करत रहा. शेवटची एफडी हातात आली, रिफंड जमा झाला, सगळ्या खात्यांसमोर 'बंद' लिहून झालं की मग पॅन सरेंडरचा अर्ज द्या, त्याचीही पोच घ्या आणि ती फाईल पुढची आठ वर्षं तरी टाकू नका.